निवृत्तीनंतरचा हिवाळा: फ्लोरिडा, ॲरिझोना की पुणे?

मिसिसागावासी

नमस्कार मंडळी. आम्ही उभयता टोरांटोजवळ मिसिसागा येथे राहतो. मी अडुसष्ट वर्षांचा असून पत्नी नुकतीच पासष्टाव्या वर्षी नोकरीतून मुक्त झाली आहे. मुले आपापल्या संसारात रमली आहेत आणि घरापुढचा बर्फ उपसण्याची हौस आता दोघांनाही उरलेली नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतील दोन समवयस्क बर्फावरून घसरून पडले. त्यांपैकी एकाचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे: नोव्हेंबरअखेर निघावे आणि मार्चअखेर परतावे.

पर्याय तीन आहेत. पहिला फ्लोरिडा, जिथे आमच्या एका मित्राने कॉन्डो (सामाईक इमारतीतील मालकीचा फ्लॅट) घेतला आहे आणि शेजारचा विकाऊ आहे म्हणून तो रोज फोन करतो. दुसरा ॲरिझोना, जिथली कोरडी हवा सांध्यांना मानवते असे ऐकले आहे. तिसरा पुणे, कोथरूडला आईवडिलांचा फ्लॅट आहे, तो कुलूपबंद असतो. माझा स्वतःचा कल फ्लोरिडात घर विकत घेण्याकडे आहे, कारण विमानप्रवास अवघा तीन तासांचा आहे आणि नातवंडांना नाताळात येता येईल. अनुभवी सभासदांनी आपले मत द्यावे.

आकडेमोड्या

घर पाहण्याआधी कॅलेंडर पाहा. तुमच्यावर एकाच वेळी दोन सरकारांची मोजणी चालू राहील आणि त्या दोघांचे हिशेब वेगवेगळे आहेत.

ओहिप, म्हणजे आपल्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, टिकवायचा असेल तर कोणत्याही बारा महिन्यांत ओंटारिओबाहेर २१२ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. यात उन्हाळ्यात मुलीकडे किंवा भारतात केलेली फेरीही धरली जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत कॅनडाच्या नागरिकाला पाहुणा म्हणून साधारणपणे सहा महिने राहता येते, परंतु तेथील करखाते निराळ्या पद्धतीने मोजते: चालू वर्षाचे सगळे दिवस, त्यात मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळवायचा. बेरीज १८३ झाली की तुम्ही करापुरते अमेरिकेचे निवासी ठरू शकता. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होतात आणि तुम्ही थोडक्यात सुटता. तुमच्या बेतात दर कॅलेंडर वर्षी जानेवारी ते मार्च आणि पुन्हा डिसेंबर येतो, शिवाय नोव्हेंबरचे काही दिवस. म्हणजे तुम्ही नेमके त्या रेषेवर उभे आहात. रेषा ओलांडली तरी घाबरण्याचे कारण नाही. चालू वर्षातील प्रत्यक्ष दिवस १८३ पेक्षा कमी असतील तर ८८४० क्रमांकाचा फॉर्म १५ जूनपर्यंत भरून आपले खरे बिऱ्हाड कॅनडात आहे असे सांगता येते. तो नवरा-बायकोने स्वतंत्रपणे भरायचा असतो. एकाने भरला म्हणून दुसऱ्याचा भरला असे होत नाही.

आणखी एक गोष्ट. ११ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेत तीस दिवस किंवा अधिक राहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा नियम कडकपणे लागू झाला आहे. विमानाने गेलात तर आगमनाची नोंद आपोआप होते आणि तीच नोंदणी धरली जाते, पण मोटारीने सीमा ओलांडणाऱ्यांनी ती नोंद झाली आहे की नाही हे संकेतस्थळावर जाऊन तपासावे.

चिवडाप्रेमी

म्हणजे थंडीपासून पळायचे आणि चार महिने बोटे मोजत बसायचे. त्यापेक्षा नोकरी बरी होती, तिथे निदान रजा दुसरे कोणी तरी मोजत असे.

गल्फकिनारा

मी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक हिवाळे काढले असल्यामुळे मित्राच्या आग्रहावर थोडे पाणी ओतणे माझे कर्तव्य समजतो. जानेवारीतली हवा खरोखर सुखाची असते. सकाळी पायी फिरावे, दुपारी तरणतलावाकाठी बसावे, टँपा-ओरलँडोच्या बाजूला भारतीय किराणा मुबलक मिळतो आणि देवळेही आहेत. याबद्दल तक्रार नाही. तक्रार कॉन्डोच्या मासिक वर्गणीबद्दल आहे.

२४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइड येथे बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याने कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची रचनात्मक तपासणी सक्तीची झाली आणि दुरुस्तीसाठी राखीव निधी साठवणेही सक्तीचे झाले. पूर्वी सभासद मतदान करून तो निधी टाळत असत. ती पळवाट बंद झाली. वर्षानुवर्षे न भरलेले पैसे आता एकदम भरावे लागत असल्यामुळे अनेक इमारतींत वर्गणी कडाडली आणि वर विशेष आकारणीची पत्रे आली. स्वस्तात विकाऊ दिसणारा कॉन्डो बहुधा याच कारणाने स्वस्त असतो. शेजारचा फ्लॅट घेण्यापूर्वी इमारतीचे वय, तपासणीचा अहवाल आणि राखीव निधीतील शिल्लक या तीन गोष्टी लेखी मागा. मित्र रागावला तर रागावू द्या.

वादळांचे तर बोलूच नये. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान वादळ फोर्ट मायर्सच्या परिसरात धडकले तेव्हा आमच्या वसाहतीतील निम्मी घरे रिकामी होती, कारण मालक कॅनडात आणि मिशिगनमध्ये होते. आपल्या छताचे काय झाले हे त्यांना शेजाऱ्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून कळले.

करवंद

@गल्फकिनारा यांच्या मुद्द्याला पुस्ती. परदेशी मालकाने अमेरिकेतील घर विकले की विक्रीच्या रकमेतून साधारणपणे १५ टक्के रक्कम करापोटी आधीच कापून ठेवली जाते. जादा कापलेली रक्कम नंतर विवरणपत्र भरून परत मिळते, पण तोपर्यंत थांबावे लागते. शिवाय कायम रहिवाशांना मालमत्ता करात जी सवलत मिळते ती हिवाळी पाहुण्यांना मिळत नाही. घर घेणे सोपे आहे, त्यातून बाहेर पडणे वेळखाऊ.

वाळवंटातील_काका

ॲरिझोनाची बाजू कोणी तरी मांडायला हवी. फिनिक्सच्या आसपास जानेवारीत दुपारचे तापमान १९-२० अंशांच्या घरात असते, आकाश निरभ्र असते आणि वादळ हा शब्द फक्त बातम्यांत ऐकू येतो. निवृत्तांच्या वसाहतींची परंपराही तिथे जुनी आहे; सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी सुरू झाली. लाकूडकाम, मातीकाम, नृत्य, पत्ते, गोल्फ असे सारे काही घरापासून गोल्फ कार्टच्या अंतरावर मिळते. माझ्या पत्नीने वयाच्या सत्तरीत कुंभारकाम शिकून घेतले. तिने केलेल्या पणत्यांनी आमची दिवाळी साजरी होते.

दोन गोष्टी मात्र जाणून घ्या. या वसाहतींत घरटी किमान एक व्यक्ती पंचावन्न वर्षांवरील असावी लागते आणि लहान मुलांना वर्षात ठरावीक दिवसच पाहुणे म्हणून राहता येते. नाताळच्या सुट्टीपुरती नातवंडे आली तर अडचण नाही, पण मुलगी बाळंतपणानंतर राहायला येणार असेल तर नियम आधी वाचावेत. दुसरी गोष्ट व्हॅली फीव्हर. तिथल्या मातीत एक बुरशी असते. धुळीबरोबर तिचे बीजाणू फुप्फुसात गेले की खोकला, ताप आणि दीर्घकाळचा थकवा येतो. आठवडे उलटल्यावर लक्षणे दिसतात आणि तोवर माणूस ओंटारिओत परतलेला असतो, जिथे डॉक्टर ते न्यूमोनिया समजून प्रतिजैविके देत राहतात. परतल्यावर खोकला हटत नसेल तर आपण ॲरिझोनात होतो हे स्वतःहून सांगावे.

बरणी_आणि_झाकण

आतापर्यंत विम्याचा विषय निघाला नाही याचे नवल वाटते. परदेशात अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर ओहिप दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देते. अमेरिकेतील अतिदक्षता विभागाचे बिल दिवसाला हजारो डॉलरचे असते. प्रवासी वैद्यकीय विम्याशिवाय सीमा ओलांडणे म्हणजे राहते घर गहाण ठेवणे होय.

आणि विमा काढला म्हणजे काम झाले असेही नाही. आमच्या दिरांनी रीतसर पैसे भरून पॉलिसी घेतली होती. फ्लोरिडात छातीत दुखू लागले, स्टेंट बसवला आणि दावा नाकारला गेला. कारण असे की निघण्यापूर्वी दोन महिने त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढवली होती. पॉलिसीत जुना आजार ठरावीक काळ, कुठे ९० तर कुठे १८० दिवस, स्थिर असावा अशी अट होती आणि मात्रेतील बदल हा अस्थिरपणा मानला गेला. विशेष म्हणजे मात्रा कमी केली, म्हणजे प्रकृती सुधारली, तरी कित्येक कंपन्या तो बदलच मानतात. म्हणून सप्टेंबरनंतर डॉक्टरांनी औषध बदलले तर लगेच विमा कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. प्रश्नावली भरताना बायकोला शेजारी बसवा. पुरुषमंडळी आपले आजार विसरतात.

चिवडाप्रेमी

शेवटच्या दोन वाक्यांना आमच्या घरातून जोरदार अनुमोदन मिळाले आहे.

नारायणपेठी

सगळे परदेशी पर्याय ऐकून झाले असतील तर पुण्याबद्दल बोलतो. माझे स्पष्ट मत आहे की स्वतःचा फ्लॅट असताना फ्लोरिडाचा विचार करणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व, त्यानंतर हुरडा, लग्नसराई, दिवाळी अंकांचे राहिलेले वाचन आणि मराठीत भांडायला दुकानदार. यापेक्षा निवृत्त माणसाला आणखी काय हवे?

शून्याखाली

@नारायणपेठी, तुमच्या उत्साहाचा आदर ठेवून एक हरकत नोंदवतो. आयुष्यात मला सर्वांत जास्त थंडी पुण्यात वाजली आहे. टोरांटोत बाहेर उणे पंधरा असले तरी घरात एकवीस अंश असतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-अकरावर येतो, कधी त्याहूनही खाली जातो, आणि घरात तापवण्याची कसलीही सोय नसल्यामुळे बाहेर जेवढे तेवढेच आत. पायाखाली फरशी, खिडक्यांना फटी आणि गिझरचे पाणी दुसऱ्या बादलीपर्यंत कोमट. दुपारी मात्र तीस अंश असल्यामुळे सकाळी घातलेला स्वेटर कोणत्या नातेवाइकाकडे विसरला हे आठवावे लागते.

गमतीचा भाग सोडला तर श्वसनाचा त्रास असणाऱ्यांनी पुण्याच्या हिवाळ्याचा विचार जपून करावा. थंड हवेत धूर आणि धूळ खाली साचून राहते, रस्त्याकडेला कचरा आणि शेकोट्या पेटतात. कॅनडाच्या स्वच्छ हवेची सवय झालेल्या माझ्या छातीने पहिल्याच आठवड्यात निषेध नोंदवला होता.

मिसिसागावासी

सर्वांचे आभार. एवढी माहिती मित्राने फोनवर कधीच दिली नव्हती. पुण्याबाबत दोन शंका आहेत. आम्ही दोघेही ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) कार्डधारक आहोत. चार महिने राहिल्यास भारताचा कर लागू होईल का? आणि तिथे आरोग्य विमा काढावा की इथूनच न्यावा?

करवंद

ओसीआय असल्यामुळे मुक्कामाच्या मुदतीचा प्रश्न नाही. कराबाबत सांगायचे तर भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे तुमचा संपूर्ण हिवाळा एकाच वर्षात पडतो. भारतात येणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी निवासी ठरण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १८२ दिवसांची आहे. मात्र भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल आणि मागील चार वर्षांत मिळून तुम्ही ३६५ किंवा अधिक दिवस भारतात राहिला असाल तर ती मर्यादा १२० दिवसांवर येते. डिसेंबर ते मार्च हेच १२१ दिवस होतात! अशी व्यक्ती निवासी ठरली तरी तिला सामान्य निवासी मानले जात नाही, त्यामुळे कॅनडातील पेन्शनवर सहसा भारतात कर लागत नाही. तुमच्याकडे केवळ बंद फ्लॅट आणि थोड्या ठेवी असतील तर ही चिंता करण्याचे कारण दिसत नाही.

विमा कॅनडातूनच न्या. अमेरिका वगळून काढलेली पॉलिसी बहुधा स्वस्त पडते. भारतात आता पासष्टीनंतरही नवा विमा काढता येतो, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते आणि हप्ता बाराही महिन्यांचा भरायचा.

मांडवीकाठ

गोव्याचे नाव कोणीच घेतले नाही म्हणून लिहितो. आमच्या दक्षिण गोव्यात नोव्हेंबर ते मार्च राहणारे ब्रिटिश निवृत्त हे जुने चित्र आहे. कोविडनंतर ते विरळ झाले. त्यांच्या जागी आता दिल्लीकर दिसतात. तिथल्या हिवाळी धुराला कंटाळलेली ज्येष्ठ मंडळी भाड्याने घर घेऊन राहतात. रात्री पांघरूण पुरते, स्वेटर लागत नाही. भाडे ठरवताना मात्र नाताळ आणि नववर्षाच्या पंधरवड्याचे काय, हे आधीच लिहून घ्या. त्या दिवसांत पर्यटक तिप्पट पैसे देतो आणि घरमालकाला अचानक आपला पुतण्या दुबईहून येणार असल्याचे आठवते.

दुसरा_चहा

मी थोडा वेगळा प्रश्न विचारते. तिथे जाऊन दिवसभर करायचे काय आणि कोण करणार? पहिल्या हिवाळ्यात आम्ही फ्लोरिडात घर भाड्याने घेतले होते. यजमान तलावाकाठी वर्तमानपत्र वाचत असत आणि मी, थंडीला कंटाळलेल्या आमच्या समस्त मित्रपरिवाराच्या पोळ्या लाटत असे. जागा मिळाली की पाहुणे येतातच. पुण्यात निदान पोळ्यांना बाई मिळते, पण तिथे दुसरे संकट असते: जावा, नणंदा, भाचेसुना यांपैकी कोणाकडे आधी गेलो याची नोंद ठेवली जाते. इथे कोणीही पत्नीचे मत दिलेले नाही. मिसिसागावासी, तुमच्या मंडळींना काय हवे आहे?

चिवडाप्रेमी

धाग्याला प्रथमच मुद्द्याचा प्रतिसाद मिळाला.

तळघर

कुठेही जा, पण मागे राहिलेल्या घराचे काय? कॅनडातील घरविम्याच्या बहुतेक पॉलिसींत अशी अट असते की हिवाळ्यात काही दिवस, सर्वसाधारणपणे चार, घर रिकामे असताना नळ गोठून फुटले तर भरपाई मिळण्यासाठी कोणी तरी रोज घर पाहून जायला हवे, नाही तर पाणी बंद करून नळ रिकामे केलेले असायला हवेत.

मी पुढीलप्रमाणे करतो. तळघरातील मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, मग सर्वांत वरच्या मजल्यावरील नळ उघडे ठेवून खालच्या नळातून पाणी सोडून द्यायचे, संडासाच्या टाक्या रिकाम्या करायच्या आणि मोऱ्यांच्या सापळ्यांत (खालच्या वाकड्या नळीत) गुलाबी रंगाचे, बिनविषारी अँटिफ्रीज ओतायचे. हीटर बंद करायचा नाही; तेरा-चौदा अंशांवर ठेवायचा. शेजारच्या मुलाला पैसे देऊन फेऱ्या मारायला सांगतो आणि तो प्रत्येक फेरीत थर्मोस्टॅटचे छायाचित्र पाठवतो, त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते. दावा करण्याची वेळ आलीच तर हाच पुरावा. तो घरापुढचा बर्फही काढतो, कारण पावलांचा एकही ठसा नसलेला बर्फ चोराला आमंत्रण देतो.

गल्फकिनारा

@तळघर, हे वाचून लक्षात आले की आपण प्रत्येक घर नेमके त्याच्या वाईट ऋतूत सोडून जातो. फ्लोरिडाचे वादळाच्या महिन्यांत रिकामे आणि ओंटारिओचे गोठणाऱ्या महिन्यांत.

नारायणपेठी

आणि कोथरूडचे पावसाळ्यात. देव्हाऱ्यात बुरशी, इन्व्हर्टरची बॅटरी कोरडी, दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आणि कोरड्या बाल्कनीत कबुतरांची दुसरी पिढी. मिसिसागावासी, निघण्यापूर्वी पंधरा दिवस कोणाला तरी किल्ली देऊन घर उघडून घ्या आणि बाल्कनीला जाळी बसवून घ्या. पुण्याचा समर्थक असूनही एवढे मान्य करतो.

ब्लॅकबेरी_विंटर

ज्यांना विम्याची आणि सीमेची कटकट नको त्यांनी कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरियाचा विचार करावा. जानेवारीत सरासरी पाच अंशांच्या आसपास, बर्फ क्वचित, पाऊस भरपूर. ऊब मिळत नाही, पण घसरून पडण्याचे भय बरेच कमी होते आणि रुग्णालयाचा खर्च ओंटारिओचे कार्ड पाहून भागतो. पंचाहत्तरीनंतर, जेव्हा प्रवासी विम्याचा हप्ता विमानाच्या तिकिटापेक्षा जड होऊ लागतो, तेव्हा आम्ही हाच मार्ग धरला. दोन महिने स्वयंपाकघर असलेली जागा घेतो, रोज छत्री घेऊन फिरतो.

अटलांटाकर

अमेरिकेतील वाचकांसाठी थोडक्यात. न्यू जर्सीहून फ्लोरिडाला जाणाऱ्यांनी मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे की खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारी ॲडव्हांटेज योजना, ते पाहावे. पहिली देशभर चालते, दुसरीत डॉक्टरांचे जाळे बहुधा घरच्या भागापुरते असते. भारतात जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मेडिकेअर सहसा देशाबाहेर खर्च देत नाही. ग्रीनकार्डधारकांनी सहा महिन्यांच्या आत परतावे, नाही तर विमानतळावर प्रश्न विचारले जातात.

मिसिसागावासी

@दुसरा_चहा, आपला प्रश्न मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. तिला फ्लोरिडाही नको आणि चार महिने पुणेही नको, असे तिने शांतपणे सांगितले. सांध्यांसाठी तिला ॲरिझोना पाहायचा आहे आणि कुंभारकामाचा मजकूर तिने दोनदा वाचला. म्हणून असे ठरले आहे की डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात जाऊन सवाई आणि दोन लग्ने आटोपायची, नाताळात मुलांकडे यायचे आणि जानेवारीच्या मध्यापासून दहा आठवडे ॲरिझोनात फिनिक्सजवळ मेसा येथे भाड्याने राहायचे. अशा रीतीने अमेरिकेतील दिवस १२० च्या बरेच खाली राहतात. घर विकत घेण्याचा विषय तूर्त बंद केला असून मित्राला इमारतीचा तपासणी अहवाल मागितला आहे. तेव्हापासून त्याचा फोन आलेला नाही.

बरणी_आणि_झाकण

दोन वेगवेगळ्या सहली आहेत, तेव्हा वर्षभराची बहुसहलींची पॉलिसी घेण्याचा मोह होईल. तिच्यात प्रत्येक सहलीला दिवसांची कमाल मर्यादा असते, ती तपासा. दहा आठवड्यांसाठी वाढीव दिवस वेगळे विकत घ्यावे लागतील.

नवखी_स्कार्बरो

उशिरा विचारते आहे, क्षमस्व. माझ्या सासूबाईंना ओएएस (कॅनडा सरकारचे वृद्धापकाळाचे पेन्शन) आणि त्यावर जीआयएस (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारी पुरवणी रक्कम) मिळते. त्या ऑक्टोबर ते एप्रिलअखेर नाशिकला राहू इच्छितात. पेन्शन चालू राहील का?

आकडेमोड्या

सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास जीआयएस थांबते. अठराव्या वर्षानंतर त्यांचे कॅनडातील वास्तव्य वीस वर्षांपेक्षा कमी असेल तर ओएएसही थांबेल. ऑक्टोबर ते एप्रिल हे सात महिने झाले, आणि २१२ दिवसांचे गणितही तिथेच संपते, म्हणजे ओहिपलाही वाव उरत नाही. मार्चअखेरचे तिकीट काढा.